महसूल मंत्र्यांना खुले पत्र : आमच्या पैशांची यादी दलालाकडे आहे, आमच्याकडे का नाही?

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : भूसंपादनाचा न उचललेला मोबदला आणि त्याची गावनिहाय यादी जाहीर करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातला शेतकरी. तापीवरच्या एका प्रकल्पात आमचं गाव उठलं, वडिलांच्या नावची नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली आणि तेव्हापासून सरकारी कागदांवर आमची ओळख 'प्रकल्पग्रस्त' एवढीच उरली. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

गेल्या पोळ्यानंतर एक अनोळखी माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसला. त्याच्या मोबाइलमध्ये रजिस्टरच्या एका पानाचा फोटो होता. त्यावर वडिलांचं नाव, बुडालेल्या गावातला आमचा गट नंबर, मोबदला ठरवणाऱ्या निवाड्याचा क्रमांक आणि समोर न उचललेल्या वाढीव मोबदल्याची रक्कम. "शेकडा वीस द्या, बाकी सगळं माझ्याकडे लागलं," असं तो म्हणाला. आमचे सरकारकडे किती पैसे निघतात हा आकडा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. इतकी वर्षं ज्या कार्यालयात मी अर्ज देत आलो, तिथल्या एकाही टेबलावर तो मला सांगितला गेला नव्हता.

मी त्याला हात जोडून वाटेला लावलं आणि पुन्हा रीतसर अर्ज केला. मागच्या आठवड्यात उत्तर आलं. मुदतीत मागणी न झाल्याने रक्कम व्यपगत ठेव म्हणून शासनजमा झाली आहे. परत हवी असेल तर मूळ पावती, वारस प्रमाणपत्र, सर्व हिस्सेदारांची संमती आणि बंधपत्र जोडा; त्यानंतर प्रस्ताव राज्याचे हिशेब ठेवणाऱ्या महालेखाकार कार्यालयाच्या मंजुरीसाठी जाईल. पत्रावर सही आहे, शिक्का आहे. आम्ही मागणी केली नाही असं त्यात लिहिलंय आणि माझ्या पिशवीत त्याच कार्यालयाचे आवक शिक्के मारलेल्या अर्जांचा गठ्ठा आहे. साहेब, हे खोटं आहे. सरकारी कागदावर, सहीनिशी लिहिलेलं खोटं.

त्याआधी एक आश्वासनही होऊन गेलं. तालुक्याच्या बैठकीत एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माइकवरून सांगितलं होतं की दिवाळीच्या आत प्रत्येक बाधित गावाची थकीत मोबदल्याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली. फलकावर अजून जुन्याच ग्रामसभेची सूचना आहे.

हे पैसे अडकतात कसे, ते एकदा लिहून ठेवतो, कारण आमच्या गावातल्या बहुतेकांना ते अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. आमची जमीन गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली, इंग्रजांच्या. निवाडा झाला, पहिली रक्कम मिळाली. ती कमी आहे म्हणून वडिलांनी गावातल्या इतरांसोबत कलम १८ खाली वाढीव मोबदल्याचा दावा टाकला. निकाल बाजूने लागला. त्या कायद्यात व्याजाचा नियम स्पष्ट आहे : ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, त्यानंतर १५ टक्के. पण हे व्याज रक्कम दिली जाईपर्यंत किंवा जमा होईपर्यंतच चालतं. जमा झाली की व्याज थांबलं. म्हणजे रक्कम सरकारी ठेवीत टाकायची, मालकाला पत्ता लागू द्यायचा नाही आणि त्या दिवसापासून व्याजातून मोकळं व्हायचं. लाखाला वर्षाचे १५ हजार कुठे आणि शून्य कुठे? मग वर्षांमागून वर्षं जातात, कुणी आलं नाही अशी नोंद होते आणि आमची रक्कम सरकारच्या खात्यात वळती होते.

कुणी आलं नाही, कारण कुणाला कळवलंच नाही. वडिलांच्या नावची नोटीस जुन्या गावाच्या पत्त्यावर काढली गेली. त्या गावाची चावडी, मारुतीचं देऊळ, शाळा, सगळं पाण्याखाली आहे. ते पाणी सरकारनेच अडवलेलं आहे आणि आम्हाला बसवलेल्या नव्या वसाहतीचे प्लॉट त्याच महसूल खात्याने वाटलेले आहेत. तरी नोटीस जुन्या गावाला गेली आणि 'इसम मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत फिरली. जमीन घ्यायची होती तेव्हा मात्र आम्ही बरोबर सापडलो होतो. मोजणीदार बांधावर आले, झाडं मोजली, विहीर मोजली, नोटिसा घरोघर पोचल्या.

आता थोडं आमच्या घरचं. त्या जमिनीत दादर ज्वारी पिकायची, हरभरा पिकायचा, पाणी उतरलं की भुईमूग. मिळालेल्या पहिल्या रकमेत तालुक्यात कुठे तेवढी जमीन मिळाली नाही. बहिणीच्या लग्नाला सावकाराकडून पैसे काढले, ते फेडता फेडता उरलेली बरड जमीन गहाण पडली. धाकटा भाऊ भुसावळ–सुरत पॅसेंजरने उधन्याला गेला तो तिथलाच झाला. लूमवर बारा बारा तास उभा राहतो, कान निकामी झालेत. आमच्या वसाहतीत घराआड घर असं आहे, अर्धं माणूस सुरतेत. वडील २०११ साली गेले. शेवटच्या आजारात त्यांना धुळ्याहून नाशिकला न्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही नेऊ शकलो नाही. त्या वेळी त्यांच्या नावचे पैसे सरकारकडे पडून होते. हे मला आता, त्या अनोळखी माणसाच्या फोटोवरून कळतंय. त्या पानावरची तारीख वाचल्यापासून मला झोप लागत नाही.

माझी माय आज डोळ्यांनी जवळजवळ अधू आहे. मी तालुक्याहून परत आलो की ती एकच विचारते, "आमना पैसा आमले कव्हय भेटी?" काय सांगू तिला?

साहेब, धर्मा पाटील आपल्या लक्षात असतील. त्यांचं गाव विखरण आमच्याच तालुक्यातलं. ८४ वर्षांचा तो माणूस ५ एकर जमिनीला ४ लाखांच्या आसपास मोबदला मिळाला म्हणून दारोदार फिरला, आणि २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष प्यायला. २८ तारखेला गेला. तेव्हा मंत्रालयात जाळ्या बसल्या, तपासणी वाढली. आमच्या तालुक्याच्या टेबलांवर काय बदललं? भूसंपादनाच्या कोणत्या कार्यालयात त्यानंतर शेतकऱ्याने विचारण्याआधी त्याला त्याची रक्कम सांगितली गेली?

केंद्र सरकारने बँकांपुरतं तरी काही केलं. बँकेत १० वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. फेब्रुवारी २०२३ पर्यंत एकट्या सरकारी बँकांनी असे ३५,०१२ कोटी रुपये तिथे पाठवले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल आलं, तिथे नाव टाकून शोधता येतं. व्याजाच्या ठेवीवर तिथे ३ टक्के का होईना, व्याज चालू राहतं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून 'आपकी पूंजी, आपका अधिकार' म्हणून तीन महिने मोहीम चालली, जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं झाली, १ लाख ८४ हजार कोटी लोकांचे पडून आहेत असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. मीही शिबिराला गेलो होतो. टेबलावरच्या पोराने कागद नीट पाहिले आणि म्हणाला, "काका, इथे बँक, विमा, शेअर, म्युच्युअल फंड एवढंच. राज्याच्या कोषागाराचं आमच्याकडे काही येत नाही." पोरगा चांगला होता, त्याचा दोष नाही. पण राज्याचं मग कुठे येतं? ज्या खिडकीवर नाव सांगितलं की माझ्या बापाचे पैसे दिसतील, अशी राज्याची एक तरी खिडकी मला दाखवा.

मी माहिती अधिकारात आमच्या गावाची यादी मागितली. उत्तर आलं : माहिती त्रयस्थ व्यक्तींची असल्याने देता येत नाही. जमीन घेताना आमचे गट नंबर, आमचं क्षेत्र राजपत्रात छापलं, दोन वर्तमानपत्रांत छापलं, चावडीवर चिकटवलं. तेव्हा आम्ही त्रयस्थ नव्हतो का? आणि जी माहिती मला गोपनीय आहे, ती दलालाच्या मोबाइलमध्ये कोणी घातली? ते रजिस्टर ज्या सरकारी कपाटात असतं, त्याची किल्ली माझ्याकडे नाही. शेकडा वीसमधला वाटा कपाटापर्यंत पोचल्याशिवाय पान बाहेर येतं का? गावातल्या दोन विधवा बायांनी त्या माणसाला होकार दिला आणि त्यांची प्रकरणं हलली. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. पण त्यांचं जे वीस टक्के गेलं ते तुमच्या खात्याने घालवलं, हे मी इथे सगळ्यांसमोर म्हणतो.

कागदांचं तर विचारूच नका. वडिलांचे दोन भाऊ वारले, त्यांची मुलं सुरत, पुणे, अंकलेश्वर अशी पांगली. एकाची सही राहिली की सगळ्यांचं अडतं. लहान हिस्सेदाराला ही रक्कम मिळवायला दिवाणी कोर्टातून वारस दाखला काढायचा, वकील द्यायचा, तारखा करायच्या; हिस्सा त्यातच संपतो. शासकीय कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही असा शासनाचा २००४ पासूनचा निर्णय आहे, तरी टेबलावर ५०० चा स्टॅम्प मागतातच. अतिवृष्टीच्या अनुदानातही हेच : यादीत नाव, विशिष्ट क्रमांक मिळालेला, पण मूळ खातेदार वारलेला किंवा खातं सामाईक, की रक्कम तिथेच थांबली.

आणि हे फक्त आमच्या गावाचं नाही. नंदुरबारमध्ये सरदार सरोवरात ३३ गावं गेली, त्याआधी उकाईत गेली. जळगावात हतनूर, वाघूर, पाडळसे. महामार्ग रुंद झाला. आता मनमाड–इंदूर रेल्वे येते आहे, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटींची, आणि ती आमच्याच तालुक्याच्या शिवारांतून जाणार. रेल्वे यावी, आम्हालाही हवी आहे. पण खान्देशाच्या माणसाकडून जमीन मागताना सरकारला जी घाई असते, ती पैसे देताना कुठे जाते? वीजबिल थकलं तर वायरमन शोधत येतो, सोसायटीचं कर्ज थकलं तर सातबाऱ्यावर बोजा चढायला वेळ लागत नाही. आमचं सरकारकडे थकलं तर आम्हीच गुन्हेगारासारखे पुरावे गोळा करत फिरायचं.

आपण हे करू शकता, त्याला नवा कायदा लागत नाही. न उचललेल्या मोबदल्याची नावं, गट नंबर आणि रकमांसकट गावनिहाय यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि पुनर्वसित गावांच्या ग्रामपंचायतीत लावा. जुन्या नाही, नव्या गावांच्या. सरकारजमा झालेल्या रकमांचे प्रस्ताव कार्यालयाने स्वतः करून महालेखाकारांकडे पाठवावेत, मूळ पावती शेतकऱ्याकडे मागू नये. निवाड्याची प्रत त्यांच्याच कपाटात आहे. लहान रकमांना तहसीलदारांची वारस चौकशी पुरेशी माना आणि ज्याची सही आली त्याचा हिस्सा त्याला द्या. ज्या काळात पैसे तुमच्याकडे होते, त्या काळाचं व्याज द्या. रजिस्टरचं पान बाहेर कसं गेलं याची चौकशी करा, आणि ती त्याच कार्यालयाकडे सोपवू नका.

येत्या अधिवेशनात धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत असा किती मोबदला पडून आहे आणि किती सरकारजमा झाला, तो आकडा सभागृहाच्या पटलावर ठेवा. या पत्राचं उत्तर मला लेखी हवं आहे, तारखेसह. तोंडी आश्वासन घेऊन मी आता बैठकीतून उठणार नाही.

आपला,
एक प्रकल्पग्रस्त शेतकरी,
ता. शिंदखेडा, जि. धुळे