धनुष्कोडी स्टेशन पाहायला येणाऱ्या सदस्यांसाठी

नमस्कार मंडळी,

रामेश्वरच्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता धनुष्कोडीला निघायचे आहे. ऊन चढायच्या आत पोचू. पाणी आणि टोपी प्रत्येकाने जवळ ठेवावी, तिथे सावली नाही.

१९१४ साली रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल सुरू झाला आणि मद्रासहून निघालेली ‘बोट मेल’ नावाची रेल्वेगाडी बेटाच्या या टोकापर्यंत, धनुष्कोडीपर्यंत, येऊ लागली. इथे उतरायचे, आगबोटीने श्रीलंकेतले तलाईमन्नार गाठायचे आणि पुढे कोलंबोची गाडी धरायची. तिकीट मात्र एकच. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळात समुद्र आत घुसला. पांबनहून येणारी ६५३ नंबरची पॅसेंजर स्टेशनाजवळ पोचलेली असताना लाटांनी गिळली. गाडीतली शंभरावर माणसे गेली. गाव पुन्हा वसले नाही, रूळही पुन्हा पडले नाहीत.

आज वाळूत मोडक्या भिंती उभ्या आहेत. जवळ जाऊन बघा, दगडात प्रवाळाची बारीक छिद्रे दिसतात. कृपया भिंतींवर चढू नका, तुकडा उचलून आणू नका. आणि फोटो काढण्याआधी दोन मिनिटे शांत उभे राहू या.

येणाऱ्यांनी नावे गुरुवारपर्यंत कळवावीत.