तुझ्या शॅलेविषयी

झेरमॅट, स्वित्झर्लंड, १८ सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

दापोलीच्या जागेत 'स्विस शॅले', म्हणजे इथल्या डोंगरातल्यासारखं लाकडी घर, बांधणार म्हणतोस. नकाशा पाहिला. सिमेंटच्या भिंतीला लाकडी फळ्या आणि गॅलरीत लाल फुलं! अरे, आधी पत्रिका तरी जुळवायचीस.

इथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी, म्हणून गाडी खालच्या गावात ठेवून आगगाडीने आलो. मोठा रस्ता म्हणजे नुसती घड्याळांची दुकानं. तो सोडून हिंटरडोर्फ या जुन्या भागात शिरलो आणि थबकलोच. लार्च नावाच्या झाडाच्या लाकडाची घरं, काही तर सोळाव्या शतकातली. उन्हाने पार काळी पडलीत, आपल्या चुलीवरच्या माळ्यासारखी. भिंतीवरून हात फिरवला तर लाकडाच्या रेषा बोटांना लागतात. कोपऱ्यात ओंडके खाचा पाडून एकमेकांत अडकवलेत.

पण खरी गंमत कोठारांची. कोठार जमिनीला टेकतच नाही. आखूड खांबांवर उभं, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखा चपटा गोल दगड. त्यावर कोठार. उंदीर खांब चढतो, दगडाखाली येतो आणि अडतो. उलटं लटकून कड ओलांडणं त्याला जमत नाही. वर राय नावाचं धान्य सुखरूप. मी तिथे उकिडवा बसून फोटो काढत होतो. एक म्हातारी बघून हसली. तुझ्या आईने कणगीपायी उंदरांना घातलेल्या शिव्या आठवल्या रे!

घरातही तसाच हिशोब. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, दगडी, आगीच्या भीतीने. बसायची खोली पुढे, लाकडाची. तिथल्या दगडी शेगडीत लाकडं घालायची ती मागून, स्वयंपाकघरातून. म्हणजे बैठकीत ऊब येते, धूर येत नाही.

आता तुझं छप्पर. शॅलेचा उतार कमी असतो, कारण बर्फ वर राहिला तर दुलईसारखी ऊब देतो. तुझ्याकडे बर्फ कुठला? आषाढातलं पाणी त्या उतारावर रेंगाळेल आणि फळ्यांच्या मागे मुरेल. आपली उभ्या उताराची कौलं काय वेड्यांनी घातली होती? हां, रुंद वळचण मात्र बिनधास्त उचल, ती दोन्हीकडे कामाची.

मी येईपर्यंत सुताराला आगाऊ रक्कम देऊ नकोस. शनिवारी पोचतोय. आणि जुन्या घराचे वासे विकले नसशील तर ते आधी झाकून ठेव.

तुझा,
विन्या