धाप लागते ती वयामुळेच?

महोदय,

देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागली की आपण 'वय झालं' म्हणून मोकळे होतो. माझ्या काकांचेही तेच झाले. चाळीस वर्षे विडी, तपासणी एकदाही नाही. शेवटी निदान निघाले एम्फिसीमा. यात फुप्फुसातल्या इवल्या वायुकोशांच्या भिंती फाटून ढिले, मोठे फुगे होतात. श्वास आत जातो, पण पुरता बाहेर येत नाही. फाटलेले पुन्हा सांधत नाही; विडी सोडली तर ऱ्हास मंदावतो (हेही थोडे नव्हे). चुलीचा धूरही कारण ठरू शकतो. सार्वजनिक धूम्रपानबंदीचा कायदा गोव्याने १९९७ सालीच केला, तरी जत्रेच्या फेरीत धूर तसाच. निदान नळीत फुंकून होणारी स्पायरोमेट्री चाचणी तरी गावच्या आरोग्य केंद्रात सहज मिळावी.

– एक वाचक, डिचोली