पाय घसरला नव्हता, बाबा

रत्नागिरी,
मे महिन्याचा तिसरा आठवडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. काल आईने फोनवर सांगितलं की पडवीचे नवे पत्रे दापोलीहून टेम्पोने आले आणि खळ्यात उतरवलेत. मागून बाबांचा आवाज आला, "दोन तासांचं काम, त्याला गडी कशाला!" मी तोंड उघडलं तसा फोन बाबांकडून आईकडे आणि आईकडून फडताळावर. म्हणून लिहायला बसले. कागदाला मधेच "बरं बरं, ठेवतो" म्हणता येत नाही.

पत्र मुख्यतः बाबांना आहे. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. त्यांचा चष्मा आज सापडणार नाही, हे मला इथून दिसतंय.

"चाळीस वर्षं परांचीवर काढली, आता तू मला शिकवतेस?" असं तुम्ही म्हणणार. कबूल आहे. चिऱ्याची भिंत ओळंब्यात कशी आणायची ते मी तुमच्या मागे उभी राहून शिकले, डिप्लोमाचं पुस्तक नंतर हातात आलं. उंचावर कसं चालायचं ते तुमच्या पायांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण मला पगार मिळतो तो पायांखाली काय आहे ते बघण्याचा.

एक गोष्ट घरी कधी सांगितली नाही. पाचेक वर्षांपूर्वीची, आधीच्या नोकरीतली. स्लॅब ओतताना पाइपांच्या डक्टसाठी भोकं सोडतात, तुम्हाला माहीतच आहे. त्यावर प्लायचा तुकडा टाकून ठेवतात. नुसता टाकतात, ठोकत नाहीत. स्लॅबचे साचे ठोकणाऱ्या एका सेंट्रिंगवाल्या पोराला नेमका तेवढाच तुकडा हवा होता. त्याने वाकून दोन्ही हातांनी प्लाय उचलला, अंगासमोर उभा धरला आणि पाऊल पुढे टाकलं. समोर प्लाय, त्यामुळे खालचं काही दिसत नाही, आणि पाऊल पडतं ते बरोबर प्लायच्या जागी, म्हणजे भोकात. दहा फूट खाली गेला. जीव वाचला, खुबा मोडला. विजयपूरकडचा होता, गावी गेला तो परत आला नाही. पुढे अभ्यासात कळलं की नेमकं असंच पडणारी माणसं जगभर आहेत, इतका हा अपघात ठरल्यासारखा होतो.

त्या दिवशी सकाळी मी त्याच स्लॅबवरून चक्कर मारली होती. तो प्लाय पाहिला होता. भोक झाकलेलं आहे म्हणून वहीत बरोबरची खूणही केली होती.

संध्याकाळी अहवाल लिहायचा होता. वरच्या साहेबांनी पहिलं वाक्य सांगितलं, "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे". मी लिहिलं. हो, लिहिलं. सेफ्टीच्या कामाला लागून सातच महिने झाले होते. रात्री खोलीवर भात कालवत बसले आणि एकदम तुमचं वाक्य आठवलं, "काही नाही हो, पाय घसरला."

१९९२ साली तुम्ही पडलात तेव्हा मी पाच वर्षांची. मला आठवतं ते पांढरं प्लॅस्टर, त्यावर मी कोळशाने काढलेली होडी आणि आई चुलीत वीट तापवून फडक्यात गुंडाळायची ते. पुढे कुणी पाहुण्याने लंगडण्याबद्दल विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं. पाय घसरला. मीसुद्धा शाळेत तेच सांगायची. जणू चूक पायाची, आणि पाय आपलाच, मग बोलायचं कुणाला.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत बंदरावरचे काका आले होते ना, तुमच्याबरोबर त्या कामावर बिगारी होते ते. तुम्ही आरतीला बसलात आणि ते माझ्याशी ओट्यावर बोलत राहिले. मला म्हणाले, तुझ्या बापाचा पाय कुठला घसरतोय! मागच्या भिंतीचा गिलावा चालला होता, वरच्या मजल्याला. परांचीवर फळ्या दोनच. पाठीमागे आडवा बांबू होता, तो आदल्या दिवशी पुढच्या बाजूला कमी पडला म्हणून सोडून नेलेला. तुम्ही हात फिरवलात, पाटा ठेवलात आणि काम बघायला दोन पावलं मागे सरकलात. मागे काही नव्हतंच.

बाबा, गिलावा करणारा माणूस मागे सरकून बघतोच. चांगला गवंडी तर बघतोच बघतो. आळशी गवंडी त्या दिवशी पडला नसता.

आता आमच्याकडे परांची लोखंडी पाइपांची असते. कंबरेला एक आडवा पाइप, त्याच्या खाली मधोमध दुसरा आणि फळीच्या कडेला सहा इंचांची उभी पट्टी, म्हणजे थापी किंवा हातोडी लाथ लागून खालच्याच्या डोक्यात पडू नये. मी रोज सकाळी हेच बघत फिरते. इथल्या खाऱ्या हवेने पाइप जोडणारे कपलर गंजतात, नट फिरेनासा होतो. पोरं मग सुतळीने बांधून मोकळी होतात आणि माझी चाहूल लागली की त्यासमोर उभी राहतात. डक्टच्या भोकात आता स्लॅबचीच सळ्यांची जाळी तशीच सोडतो, पाइप टाकायच्या दिवशी कापतो. प्लाय हवा असेल तर खुशाल न्या. भिंतीवर "सुरक्षा प्रथम" लिहिण्यापेक्षा ती जाळी बरी, असं माझं मत झालंय. वाचता न येणाऱ्या माणसालाही ती अडवते.

काकांनी सांगितलं त्या रात्री मी माझी जुनी वही काढली. सेफ्टीच्या अभ्यासात १९२३ सालचा कामगार भरपाईचा कायदा होता. तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, इंग्रजांच्या वेळचा. तो कुणाकुणाला लागू, याची मागे यादी होती. तीत इमारतीचं बांधकाम आणि दुरुस्ती करणारा माणूस होता. इमारत एका मजल्याहून उंच हवी, किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत निदान बारा फूट. तुमची ती दुमजली होती. भरपाई मागायला दोन वर्षांची मुदत होती. आणि नुसतं "त्याचाच पाय घसरला" म्हणून मालक सुटत नव्हता, माणूस दारू प्यायला होता किंवा त्याने मुद्दाम नियम मोडला असं काहीतरी दाखवावं लागे. तुम्ही तर विडी ओढायलासुद्धा खाली उतरायचात.

ठेकेदाराने काय दिलं ते आईला पाठ आहे. महिन्याची मजुरी आणि अर्धा मण तांदूळ. तुम्ही अजून म्हणता, भला माणूस होता. असेलही. आईने त्या वर्षी बांगड्या मोडल्या, हेही त्या भलेपणाच्या हिशेबात धरा.

त्यानंतर चार वर्षांनी, १९९६ ला, बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. आपल्या राज्याचे नियम यायला २००७ उजाडलं, तोवर तुमच्या टाचेने तुम्हाला घरी बसवलं होतं. आता नोंदणी झालेल्या कामगाराला बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडून भांडी, पेटी आणि सुरक्षा संच मिळतो, त्यात हेल्मेट, बूट, उंचावर अडकवायचा बेल्ट असतो. वरच्या आळीतल्या दादांचा संच मी पाहिला. भांडी वापरात आहेत, पेटीत लेकीच्या साड्या आहेत आणि बेल्ट पेटीच्या तळाशी प्लॅस्टिकसकट आहे. त्यांना दोष देत नाही. बेल्ट अडकवायचा कशाला, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

आता पडवी.

निसर्ग वादळाने, ३ जून २०२० ला, आपली कौलं उडवली. नंतर कौलं मिळेनात, म्हणून तुम्ही पडवीवर कुणाच्या तरी गोठ्याचे उतरवलेले सिमेंटचे पत्रे टाकलेत. तेव्हाच ते जुने होते. आता त्यांच्यावर सहा पावसाळ्यांचं शेवाळ आहे. सिमेंटचा पत्रा मोडताना आधी सांगत नाही. वासा वाकतो, कौल करकरतं, पत्रा मात्र एकदम फुटतो आणि माणूस त्यातून सरळ खाली. खिळ्यांच्या ओळीवरून चाललं की काही होत नाही, असं तुम्ही मला लहानपणी शिकवलंत. ते विसरायला हवं. ओळ वाशावर असली तरी पाऊल नेहमी ओळीवर पडत नाही, आणि शेवाळावर तर पडल्यावरही राहत नाही.

पडवीचं वरचं टोक बारा फूट आहे, मी मोजलंय. बारा फुटांवरून पडलेला माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने. मी बाजारात स्कूटी त्याच वेगाने चालवते. खाली आपलं चिऱ्याचं जोतं आहे. आणि पायांवर पडलं तर टाच आणि कंबरेचा मणका, हे तुम्हाला मी काय सांगू.

तुम्ही म्हणाल, मग तुझा तो बेल्ट आण. इथेच गंमत आहे. बेल्टची दोरी सहा फूट. झटका खाणारी पट्टी उलगडली की आणखी तीन-साडेतीन फूट. त्याखाली माणसाचं अंग, आणि त्याच्याही खाली थोडी मोकळी जागा. हिशेब केला तर हुक अडकवतो त्याच्या खाली सतरा-अठरा फूट रिकामे लागतात. सातव्या मजल्यावर ते असतात. आपल्या पडवीवरून पडणारा माणूस मात्र बेल्ट लावून नीट खळ्यात पोचेल. बेल्ट म्हणजे गंडादोरा नव्हे. शिवाय बेल्टला लटकलेल्या माणसाला लगेच उतरवावं लागतं, पायांत रक्त साकळून शुद्ध जाते. तुम्हाला कोण उतरवणार? आई?

तेव्हा वर जायचंच नाही. पत्रे खालून बदलता येतात. पडवीत चांगल्या घोड्या लावायच्या, त्यावर फळ्या सलग आणि बांधलेल्या, आतून हुक सोडवायचे आणि पत्रा खाली घ्यायचा. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून त्यांच्यावर पाणी मारून अख्खे उतरवायचे. फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, तोंडाला मास्क लावायचा. नवे चढवायचे ते सकाळी सात ते दहा-अकरा. नंतर खाडीवरून वारं सुटलं की हातातला पत्रा शिडासारखा भरतो आणि माणसाला घेऊन जातो. घराचं मुख्य छप्पर या वर्षी परतायचं नाही. गळेल तिथे बादली ठेवू.

आईने फोन ठेवता ठेवता हळूच आणखी एक सांगितलं. तुम्ही स्वतः नाही चढलात तर खालच्या वाडीतली दोन पोरं बोलावणार आहात, मृगाच्या आत उरकायला. बोलवा की. पण वर कुणाला पाठवून आपण खळ्यात उभं राहून "जरा डावीकडे, जरा डावीकडे" म्हणणारा माणूस म्हणजे ठेकेदार. घोडीची फळी बांधली आहे की नाही, हे बघायचं काम त्या पोरांचं नाही, तुमचं आहे. त्यातला धाकटा तर परवापर्यंत आपल्या आंब्याखाली झेला घेऊन धावायचा. तो पडला तर त्याच्या आईला तुम्ही सांगायला जाल तेव्हा काय सांगणार? पाय घसरला?

मला रागवू नका. खरं तर १९९२ च्या त्या बांबूबद्दल तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय, काकांच्या नको. तो कोणी सोडून नेला ते तुम्हाला माहीत होतं, असं मला वाटतं. मग इतकी वर्षं पायाचं नाव का घेत राहिलात? त्या माणसाला वाचवायला?

मी शनिवारी पहाटेच्या एसटीने निघते. साइटवरचा एक फिटर दापोलीकडचाच आहे, तोही येतोय, त्याला मजुरी मी देणार आहे, तुम्ही मधे पडू नका. चार लांब फळ्या आणि दोर दापोलीजवळच्या जालगावातून भाड्याने घेऊ. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि ओळंबा बघा. पत्रा वाकडा लागला तर मला जरूर बोला, त्याबाबतीत तुमच्यासारखा डोळा आमच्या साइटवर कुणाला नाही.

आई, शिडी मांगरात आडवी टाकून कुलूप लाव. किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवू नकोस, ते पहिल्यांदा तिथेच बघतात.

तुमची,
बाय