विरोधी पक्षाने काय जपणार ते सांगावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की बेळगावात ठिकठिकाणी बंदोबस्त लागतो, मोर्चे निघतात आणि आपल्या दैनिकात सभात्यागाच्या बातम्या येतात. मी त्या रोज वाचतो. जुने चांगले ते राखून त्यात नवे जोडावे, या मताचा मी असल्याने भारतीय जनता पक्ष मला जवळचा वाटत आला आणि माझे मतही त्याच पक्षाला जात आले. मात्र विरोधी बाकांवर बसल्यापासून हा पक्ष आम्हा सीमाभागातील मतदारांपुढे ज्या रीतीने उभा राहतो, ती मला खटकते. सरकारचे काय चुकते हे तो दररोज सांगतो. सत्ता मिळाल्यास तो स्वतः काय जपणार, हे ऐकायला मिळत नाही.

२०१८ साली या पक्षाला विधानसभेत १०४ जागा मिळाल्या, २०२३ साली ६६. मतांचे प्रमाण मात्र दोन्ही वेळा ३६ टक्क्यांच्या आसपासच राहिले. मूळचा मतदार जागचा हलला नाही आणि नवा जोडला गेला नाही, एवढाच याचा अर्थ मला लागतो. दररोजच्या आरोपांनी जो सुखावतो तो हा मूळचा मतदार. त्याला पुन्हा पुन्हा जिंकून काय मिळणार?

काँग्रेस सरकारच्या हमी योजनांचेच घ्या, त्यात बायकांना बसप्रवास मोफत आहे. सकाळी आमच्या थांब्यावर शहराकडे जाणारी बस येते तेव्हा मेथी-कोथिंबिरीची बुट्टी काखेत धरलेल्या बायका आधी चढतात, कंडक्टर त्यांच्या हातात शून्य रकमेचे तिकीट देतो, आणि कॉलेजची चार-पाच मुले दारात लोंबकळत जातात. त्या बायकांसमोर 'फुकटची रेवडी' हा शब्द वापरला की पुढचे भाषण त्या ऐकत नाहीत, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही, कारण वाचलेल्या भाड्यात मुलाची वही येते. त्याऐवजी पक्षाने म्हणावे की तिकीट मोफतच राहील, पण सकाळी दोन गाड्या जास्त सोडू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच हमी योजनांसाठी सुमारे ५१ हजार कोटी रुपये ठेवले गेले. या खर्चाचा ताण इतर कामांवर कुठे पडतो आणि आपण तो कसा भागवू, याचा हिशेब आकड्यांनिशी मांडणे हे काटकसर मानणाऱ्या पक्षाचे खरे काम आहे.

जमिनीचा प्रश्न याहून जवळचा आहे. वडगाव-शहापूरच्या शिवारात पिकणारा बासमती तांदूळ शिजू लागला की वास गल्लीभर जातो. त्याच काळ्या जमिनीतून हलगा-मच्छे बायपास जातो म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत आले, आणि या काळात राज्यात सत्ता भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी भोगली. वाडवडिलांची जमीन, गावचे तळे, देवस्थानची पंच कमिटी हे जपणे ज्या पक्षाच्या विचारातच बसते, त्याने या शेतकऱ्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहायला हवे होते. सत्तेत असताना आपले चुकले असेल तर तेही मोकळेपणाने कबूल करावे. शेतकरी अशी कबुली विसरत नाही.

भाषेचा मुद्दा पक्षाला अवघड जातो हे मी जाणतो, कारण राज्यभरच्या कन्नड मतदाराला सांभाळणेही त्याला भाग आहे. तरीही २०२१ साली बेळगाव महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा या पक्षाला मिळाल्या, त्या मराठी मतांशिवाय मिळाल्या नसत्या. त्याच वर्षी याच पक्षाच्या सरकारने नवे शैक्षणिक धोरण राज्यात लागू केले आणि त्या धोरणात मातृभाषेतील शिक्षणावर भर आहे. घटनेचे ३५०-अ कलमही भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असेच सांगते. तेव्हा मराठी शाळेला शिक्षक द्या, आणि जिथे मराठी भाषिक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना मराठीतूनही काढा, असे या पक्षाच्या आमदाराने सभागृहात उभे राहून म्हणावे. यात कन्नडचा अवमान होत नाही. आमच्या घरातली मुले दोन्ही भाषा बोलतात, बाजारात तर तिन्ही.

सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल तिथेच लागेल. तोवर इथे राहणाऱ्या माणसाला शाळा, बस, उतारा आणि उसाचे बिल यांच्याशीच रोज गाठ आहे.

पुढच्या अधिवेशनासाठी पक्षाचे आमदार बेळगावात येतील तेव्हा त्यांनी एक सकाळ आमच्याकडे काढावी, अशी माझी विनंती आहे. डिसेंबरात सुगी उरकत आलेली असते आणि माणसे घरी भेटतात.

आपला,
एक वाचक
येळ्ळूर परिसर, ता. बेळगाव