मालिकेतील पुस्तकांवर वाचनक्रम छापावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या नातीने सत्यजित राय यांच्या फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या गोष्टी अशोक जैन यांच्या मराठी अनुवादातून वाचायला घेतल्या, आणि त्या निमित्ताने एका लहानशा गैरसोयीकडे आपले व प्रकाशकांचे लक्ष वेधावेसे वाटले. आमच्या भागातील वाचनालयाची बरीच पुस्तके ऑगस्ट 2019च्या पुरात गेली. वरच्या फळीवर जी होती, तेवढीच हाती लागली. त्यामुळे मालिकेतील कोणती गोष्ट आधी वाचायची, हे आमच्या घरी लेखकाने नव्हे, कृष्णामाईने ठरवले.

नातीच्या हाती पहिल्यांदा आली ती काठमांडूची गोष्ट. तिच्यात खलनायक मगनलाल मेघराज समोर येताच फेलूदाचे स्नेही, बिचारे लालमोहनबाबू, यांची गाळण उडते. ‘आजोबा, हे एवढे घाबरतात कशाला?’ हा तिचा प्रश्न रास्त होता, कारण याच मगनलालने बनारसमध्ये त्यांना फळीला टेकून उभे करून एका म्हाताऱ्या खेळवाल्याकडून त्यांच्या अंगाभोवती सुरे फेकवले होते, हे तिला कुठून माहीत असणार? बनारसची गोष्ट 1975ची, काठमांडूची 1980ची. पुढे इंग्रजी भाषांतराच्या जाड संग्रहातून मी तिला बनारस वाचून दाखवले, परंतु लालमोहनबाबू त्या प्रसंगातून सहीसलामत सुटणार हे तिला आधीच ठाऊक असल्यामुळे सुऱ्यांची धार निम्मी बोथट झाली होती. ‘सोनार केल्ला’चे (1971) तेच झाले. ‘जटायू’ या टोपणनावाने रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू त्या गोष्टीत रेल्वेच्या डब्यात प्रथमच भेटतात. आमच्या घरी मात्र ते तोवर जुने पाहुणे झाले होते.

आमच्या सौभाग्यवतींचे मत वेगळे आहे. चांगली गोष्ट कुठूनही उघडली तरी गोडच लागते, आणि आपण नाही का मासिकांतल्या क्रमशः कादंबऱ्या मधल्याच अंकापासून वाचल्या, असे त्या म्हणतात. रहस्यापुरते ते खरे आहे, कारण फेलूदाची प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे उलगडते. परंतु 1965च्या पहिल्या कथेत दार्जिलिंगला हौसेखातर डोके चालवणारा फेलूदा पुढे नावाजलेला व्यावसायिक गुप्तहेर कसा होतो, आणि माणसांची ओळख हळूहळू मैत्रीत कशी मुरते, हे मधूनच सुरुवात करणाऱ्याच्या पदरात पडत नाही. माझ्या मते या मालिकेचा खरा आनंद तोच आहे.

राय यांचीच दुसरी मालिका, शास्त्रज्ञ प्रोफेसर शंकूंची, क्रमाने वाचण्याच्या या नियमाला गमतीदार वळण देते. 1961 साली ‘संदेश’ मासिकातून आलेल्या तिच्या पहिल्याच कथेत बेपत्ता झालेल्या शंकूंची रोजनिशी उल्कापाताने पडलेल्या खड्ड्यात सापडते, आणि पुढच्या कथा गिरिडीहच्या त्यांच्या घरी मिळालेल्या इतर रोजनिश्यांतून येतात. म्हणजे लेखकाने आधी शेवट सांगितला आणि मग आयुष्य. इथे एखाद्याने घटनांचा काळ पाहून ती कथा मागे ढकलली, तर पुढच्या प्रत्येक नोंदीवर ‘हा माणूस आता कुठे असेल?’ ही जी सावली असते, तीच नाहीशी होईल. म्हणून प्रकाशनाचा क्रम पाळावा, असे मला वाटते. शिवाय फेलूदा सलग वाचून लगेच शंकूंकडे वळू नये. नातीने तसे केले आणि चार कथा होईपर्यंत ती पुरावे शोधत बसली. विज्ञानाच्या अंगाने जाणाऱ्या त्या अद्भुतकथांत गुन्हेगार पकडण्याची घाई नसते, हे कळायला तिला मधे आठ दिवस दुसरेच काही वाचावे लागले.

प्रकाशकांना विनंती एवढीच, की अनुवादित मालिकेच्या प्रत्येक पुस्तकात, मुखपृष्ठ उलटताच दिसेल अशा जागी, मूळ प्रकाशनवर्षासह सर्व गोष्टींची क्रमवार यादी द्यावी. ज्या अद्याप मराठीत आल्या नसतील त्यांचीही नावे त्यात असावीत. त्यासाठी अर्धे पान पुरेल. वाचनालयांनीही पुस्तकाच्या कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी लावावी. आमच्या वाचनालयात ग्रंथपालांच्या परवानगीने मी अशा चिठ्ठ्या लावून दिल्या आहेत. त्या शाईच्या पेनाने लिहिल्या असल्यामुळे पुस्तके मात्र यंदाही वरच्याच फळीवर ठेवायला सांगितली आहेत.

– एक वाचक, सांगली