आई, तो पाट फ्रिजसमोरून उचल

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री पुण्याला नीट पोचले. सेलूपासून सबंध रस्ताभर डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, फ्रिजसमोर ठेवलेला तो लाकडी पाट. पहिले तीन दिवस मला वाटलं, आई भाजी निवडायला त्यावर बसत असेल. चौथ्या दिवशी मी अंघोळ करून ओल्या पायांनी दूध काढायला गेले आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तेव्हा आई, तू किती सहज म्हणालीस, "अगं माय, पाटावर उभं राहून उघडायचा. वर्ष झालं की." आणि आतून बाबा म्हणाले, लॅपटॉपलाही तसंच होतंय, माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असेल म्हणून महिनाभर उघडलाच नाही.

हे फोनवर सांगायला गेले की मध्येच रेंज जाते. म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

बाबा, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी खुरपं घेऊन मागच्या अंगणात गेले होते ते त्यासाठीच. घर बांधलं तेव्हा तिथं मोरीजवळ अर्थिंगचा, म्हणजे भलतीकडे गेलेली वीज जमिनीत उतरवणारा, खड्डा केला होता, कोळसा आणि मीठ घालून, मध्ये लोखंडी पाइप. भांडी तिथंच घासली जायची, त्यामुळे तो खड्डा बारा महिने ओला राहायचा. मग आपण मोरी घरात घेतली आणि त्या खड्ड्याला पाण्याचा थेंब मिळेनासा झाला. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्या मातीतून वीज जमिनीत नीट उतरत नाही. आणि पाइपाच्या नटाजवळची तार तर गंजून माझ्या हातातच आली. म्हणजे घराला अर्थिंगच उरलेलं नाही.

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये किंचितशी वीज तिसऱ्या, जाड पिनवाटे जमिनीत जावी अशी सोयच असते. तिला वाट मिळाली नाही की ती लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येते आणि बोटांना मुंग्या येतात. ती वीज फार थोडी असते, तेवढ्यानं माणसाला अपाय होत नाही. पण तुम्ही लावलेला तो तीन पिनची दोन पिन करणारा काळा सॉकेट काढून टाका. त्यानं जाड पिनेचा रस्ताच बंद होतो.

फ्रिजची गोष्ट वेगळी आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते. फ्रिज जुना आहे, आतल्या मोटरची तार कुठंतरी उघडी पडत चालली असणार. आज मुंग्या येतात. उद्या ती तार पत्र्याला पुरती टेकली आणि तू ओल्या हातानं दार धरलंस तर पाट काही करू शकणार नाही. तेव्हा आई, वायरमन येऊन बघून जाईपर्यंत फ्रिज बंद. बाबांनी पायात कोरडी चप्पल घालून आधी मेन स्विच पाडायचा, मग फ्रिजची पिन काढायची, मगच मेन चालू करायचा. दूध शेजारच्या काकूंकडे ठेव, मी त्यांच्याशी बोलले आहे.

वायरमनला तीन कामं सांगितली आहेत. नवा खड्डा. घरभर अर्थिंगची तिसरी तार ओढणं. आणि बोर्डावर आरसीसीबी बसवणं, दुकानात त्यालाच कुणी ईएलसीबी म्हणतात. तो म्हणेल, एमसीबी आहे ना, कशाला खर्च? त्याचं ऐकू नका. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाच्या अंगातून वीज जाऊ लागली तर तिला कळतसुद्धा नाही. आरसीसीबी 30 मिलिअँपिअर वीज भलतीकडे गेली की क्षणात लाईट तोडते. 30 चाच घ्या, घरात 100 किंवा 300 चा नको. त्यावर एक छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. सगळी लाईट गेली पाहिजे. तुम्ही दर एक तारखेला कॅलेंडरचं पान उलटता, त्याच वेळी दाबा.

दोन वर्षांपूर्वी टीव्ही जळाला तेव्हाही बाबा, तुम्ही स्वतःलाच बोल लावला होता, रात्रभर चालू राहिला म्हणून. पण त्या रात्री आपल्या गल्लीत आणखी तीन टीव्ही जळाले होते आणि आई म्हणाली होती, बल्ब एकदम पांढरेफटक झाले. त्यावरूनच कळतं. डीपीकडून येणारी न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार तुटली की घरात 230 च्या जागी 300, कधी त्याहून जास्त व्होल्टेज घुसतं. दोन फेजमध्ये 400 च्या वर असतं, ते घराघरांत वाटेल तसं वाटलं जातं. कुठलाच टीव्ही ते सोसत नाही. पुन्हा कधी बल्ब असे अचानक उजळले किंवा पंखा भरारा फिरू लागला तर बाकी काही न बघता मेन स्विच पाडायचा. व्होल्टेज फार वाढलं किंवा फार उतरलं की आपोआप लाईट तोडणारं यंत्रही बोर्डावर बसवायला मिळतं, तेही सांगून ठेवलंय. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की दिवे मिणमिणतात, तेव्हाही ते फ्रिजला वाचवील.

आता लॅपटॉप. तो अर्ध्या तासात तापून आपोआप बंद पडतो म्हणून तुम्ही नवा घ्यायचं मनात आणलं होतं ना? मी मागचं झाकण उघडलं तेव्हा पंख्याच्या तोंडाशी बोटभर जाडीची पांढरी गादी बसली होती. धूळ नव्हे, कापूस. दिवाळी ते संक्रांत मधल्या घरात कापूस छतापर्यंत रचलेला असतो आणि तुम्ही तिथंच बसून गल्लीतल्या लोकांचे पीकविम्याचे फॉर्म भरता. ती रुई पंख्यानं आत ओढली. चिमट्यानं काढली तेव्हा वातीएवढी सलग निघाली. हवा कोंडली की लॅपटॉप जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. तो बिघाड नव्हता, तो जीव वाचवत होता.

त्यातून हे यंत्र साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेत चालावं असं बनवलेलं असतं. आपल्याकडे परभणी जिल्ह्यात वैशाखात पारा 42-43 वर जातो आणि वर आपले पत्रे. म्हणून सकाळी दहाच्या आत काम उरकायचं. वाकळेवर, गादीवर ठेवायचा नाही, खालची भोकं बुजतात. तुमचा लाकडी डेस्क आहे तो उत्तम. कधी बटण दाबूनही चालू झाला नाही तर घाबरायचं नाही. चार्जर काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, मग चार्जर लावून चालू करा. बहुतेक वेळा एवढ्यानं होतं. मात्र तळ फुगलेला दिसला, टेबलावर डुगडुगायला लागला, तर ती आतली बॅटरी फुगली समजा. तेव्हा चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, मला फोन करायचा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत आई फिल्टरचं पाणी घालते. तेही नको. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, फिल्टर झालं तरी त्यात क्षार राहतात आणि प्लेटांवर बसतात. डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आणून कोठीत ठेवलेत. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पातळीची खूण बघायची आणि वरच्या खुणेपर्यंतच भरायचं. आत ॲसिड असतं, म्हणून हे काम बाबांनी करायचं, डोळ्यांवर चष्मा ठेवून.

पावसाआधी वीज कडाडायला लागली की टीव्ही आणि राउटरची पिन काढायची, टीव्हीच्या मागची छत्रीची वायरसुद्धा. बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं केलेलं 'दामिनी' नावाचं ॲप बाबांच्या फोनमध्ये टाकून दिलंय. जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगतं. आई शेतात असेल तेव्हा ते बघत जा.

आणि बाबा, लॅपटॉपवर भोंगा वाजून "व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा" असं आलं होतं ते तुम्ही मला शेवटच्या दिवशी, बॅग भरताना सांगितलंत. तुम्ही फोन लावला, समोरच्यानं एक ॲप टाकायला सांगितलं, आणि तुम्हाला शंका आली म्हणून ठेवलात. फार बरं केलंत. तसलं ॲप टाकलं असतं तर आपली स्क्रीन त्याला दिसली असती, बँकेचा ओटीपीसुद्धा. पण चार महिने हे मनात का ठेवलंत? मी रागावेन म्हणून? असं पुन्हा आलं तर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, बस. कंपनीचा नंबर लागलाच तर खोक्यावरचा किंवा बिलावरचा घ्या, गुगलवर शोधून नको. आणि कधी पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी नंबरवर फोन, त्याच मिनिटाला, मग मला. ऑफिसात असले तरी मी उचलेन.

वायरमन गुरुवारी सकाळी येतोय. पैसे मी पाठवलेत, तुम्ही फक्त चहा द्या. नवा खड्डा तुळशीच्या मागे घ्यायला सांगितलाय. आई, रोज तुळशीला पाणी घालतेस, तेव्हा उन्हाळाभर तिथंही एक बादली ओतत जा. आणि काम झालं की लगेच अनवाणी उभं राहून फ्रिज तू उघडायचा नाहीस, आधी वायरमननं त्याला टेस्टर लावून दाखवायचं. मग पाट देवघरात ठेव आणि मला फोन कर.

तुमची,
ताई